नागपूरच्या मातीखालचा इतिहास: जीवसृष्टी आणि पृथ्वी यांनी एकमेकांना कसे घडवले, याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या माणसाला पृथ्वीचा इतिहास वाचण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहराच्या पश्चिम अंगाला दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, पूर्वेला आणि उत्तरेला त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आहेत, कामठीकडे वालुकाश्म आणि दगडी कोळसा आहे, तर रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. या भागात विद्यार्थ्यांना आणि हौशी नागरिकांना घेऊन फिरताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

पृथ्वी आधी तयार झाली आणि जीव नंतर आले, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मग जीवसृष्टीने पृथ्वी घडवली असे कसे म्हणता येईल?

क्रम बरोबरच आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, आणि जीवसृष्टीचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिल्बरा भागातील स्ट्रोमॅटोलाइटांचा आहे. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत जाऊन पापुद्र्यांसारखे जे दगडी उंचवटे तयार होतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. त्याहून जुन्या पुराव्यांवर मतभेद आहेत.

परंतु जीव आल्यानंतर पृथ्वी आहे तशी राहिली नाही. शुक्र आणि मंगळ या शेजारच्या ग्रहांच्या वातावरणात ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे, तर आपल्या हवेत २१ टक्के प्राणवायू आहे. प्राणवायू हा अतिशय क्रियाशील वायू असल्यामुळे, त्याची सतत भर पडत नसेल तर तो लोखंडाला, गंधकाला आणि ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंना चिकटून काही काळाने हवेतून संपून जाईल. खनिजांचीही गोष्ट तशीच आहे. आज ज्ञात असलेल्या पाच हजारांहून अधिक खनिजांपैकी सुमारे दोन तृतीयांश खनिजे जीवसृष्टीने रसायन बदलले म्हणून निर्माण होऊ शकली, असे रॉबर्ट हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये मांडले. हवा, पाणी, माती आणि खडक यांना जीवसृष्टीचे केवळ नेपथ्य समजण्याची सवय सोडली, की पुढची उत्तरे सोपी होतात.

सुरुवातीच्या हवेत प्राणवायू नव्हता, हे आज कशावरून सांगता येते? त्या वेळची हवा तर कोणी बाटलीत भरून ठेवलेली नाही.

हवा राहत नाही, पण तिने खडकावर केलेले काम राहते. पायराइट हे लोखंड आणि गंधकाचे पिवळे चमकदार खनिज आपल्या नदीच्या वाळूत फार दिवस टिकणार नाही, कारण हवेतील प्राणवायू त्याचा गंज करून टाकील. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या अतिप्राचीन नद्यांच्या गाळात मात्र पायराइटचे आणि युरेनियमयुक्त युरॅनिनाइटचे गोटे पाण्यात घरंगळून गोल झालेले, पण न गंजलेले सापडतात. त्या नद्यांवरच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नसल्याशिवाय हे शक्य नव्हते.

दुसरा पुरावा गंधकाच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा, आहे. जुन्या खडकांतील गंधकाच्या समस्थानिकांमध्ये एक विशिष्ट विषमता आढळते. सूर्याची अतिनील किरणे ओझोनच्या आडकाठीशिवाय हवेत खोलवर पोहोचत असतील, तरच ती निर्माण होते. सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान ही खूण खडकांतून नाहीशी होते. २०००मध्ये जेम्स फार्कर यांच्या गटाने ती दाखवून दिली, तेव्हापासून प्राणवायू वाढण्याचा काळ पुष्कळच नेमकेपणाने सांगता येऊ लागला.

मग हा प्राणवायू आला कुठून, आणि त्याला इतका उशीर का लागला?

तो सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांनी आणला. पाण्याचा रेणू फोडून त्यातील हायड्रोजन वापरायचा आणि प्राणवायू बाहेर टाकून द्यायचा, ही किमया त्यांना साधली. तळ्यावर उन्हाळ्यात जो निळसर हिरवा तवंग येतो, त्यात आजही त्यांचे वंशज असतात.

उशीर का लागला, हे समजण्यासाठी जमाखर्चाचा हिशेब पाहावा लागतो, आणि या संपूर्ण विषयाची किल्ली त्या हिशेबात आहे. वनस्पती किंवा सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडमधील कार्बन घेऊन शरीर बांधतात तेव्हा प्राणवायू मोकळा होतो; ही जमेची बाजू. तोच जीव मरून कुजतो, किंवा कोणी त्याला खाते, तेव्हा तितकाच प्राणवायू परत वापरला जातो. ही खर्चाची बाजू. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्यामुळे शिल्लक फारशी उरत नाही. शिल्लक पडते ती मेलेल्या जीवाचा थोडासा भाग कुजण्याआधी चिखलात गाडला गेला तर. जितका कार्बन जमिनीत गाडला जाईल, त्याच्या प्रमाणात प्राणवायू हवेत मागे राहील. म्हणजे आपण आज जो श्वास घेतो, तो आजच्या झाडांच्या कृपेपेक्षा कोट्यवधी वर्षे खडकांत बंद होऊन पडलेल्या जुन्या कार्बनच्या जोरावर घेतो.

सुरुवातीला ही शिल्लकसुद्धा हवेपर्यंत पोहोचत नव्हती. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेल्या रूपात भरपूर होते आणि ज्वालामुखींतून प्राणवायू खाणारे वायू येत होते. हे सर्व घेणेकरी भागेपर्यंत, किंवा त्यांचा जोर ओसरेपर्यंत, हवेत प्राणवायू साठणे शक्य नव्हते. ओसरण्यामागे पृथ्वीच्या आतल्या बदलांचाही वाटा होता, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. जीवांनी एकट्यांनी हे घडवले असे म्हणणे एकांगी ठरेल.

मनसरचे मँगनीज आणि गडचिरोलीतील सूरजागडचे लोखंड यांचा या सगळ्याशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोखंड आणि मँगनीज विरघळून राहू शकतात. प्राणवायू भेटला की त्यांची ऑक्साइडे बनून तळाशी बसतात. जगातील बहुतेक मोठे लोहखनिज साठे अशा रीतीने बसलेल्या पट्टेदार लोहस्तरांशी, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडांचे आणि सिलिकाचे आळीपाळीने पट्टे असलेल्या थरांशी, निगडित आहेत. छत्तीसगडचा बैलाडिला आणि आपले सूरजागड ही त्याची जवळची उदाहरणे आहेत. या स्तरांपैकी अनेक प्राणवायू हवेत साठण्याच्याही आधीचे आहेत. सायनोबॅक्टेरियांनी समुद्रात सोडलेला थोडाथोडा प्राणवायू तेथल्या तेथेच लोखंडाशी जुळून तळाशी बसत होता, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. प्राणवायू न सोडता थेट लोखंडावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचाही त्यात हात असावा, असे दुसरे मत आहे.

मँगनीज लोखंडापेक्षा हट्टी आहे. त्याचे ऑक्साइड व्हायला अधिक कडक ऑक्सिडीकरण लागते, आणि म्हणून मँगनीजचे विपुल गाळथर हे पाण्यात प्राणवायू आल्याची जास्त विश्वासार्ह साक्ष देतात. मनसर, कांद्री, गुमगाव येथील मँगनीज सौसर समूहाच्या खडकांत आहे. मुळात समुद्रतळाशी बसलेला तो गाळ पुढे प्रचंड उष्णतेत आणि दाबात रूपांतरित झाला. त्यातील मँगनीज-गार्नेट आणि क्वार्ट्झ यांनी बनलेल्या खडकाला गोंडांच्या नावावरून गोंडाइट हे नाव मिळाले आणि ते जगभरच्या भूविज्ञानात रुजले. मनसरच्या रस्त्याकडेचा काळा दगड उचलला, की तळहातावर काजळीसारखा डाग राहतो आणि दगड आकाराच्या मानाने चमत्कारिक जड लागतो. आठवी-नववीची मुले तो दगड हातात घेतात आणि समुद्र इथे होता का, असे विचारतात. होय, इथे होता.

प्राणवायू वाढला म्हणजे सर्वांचे भलेच झाले ना?

नाही. त्या काळच्या बहुसंख्य जीवांसाठी प्राणवायू हे विष होते. ज्यांना तो सोसवला नाही ते चिखलात, दलदलीत आणि पुढे प्राण्यांच्या आतड्यांत आसरा घेऊन राहिले. शेणापासून गोबर गॅस बनवणारे सूक्ष्मजीव याच जुन्या, प्राणवायूला भिणाऱ्या घराण्यातले आहेत. त्यांनी त्यापूर्वी हवेत भरपूर मिथेन सोडला असावा, आणि मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. प्राणवायूने तो नष्ट केल्यामुळे पृथ्वीची दुलई निघाली आणि जवळपास त्याच सुमारास मोठी हिमयुगे आली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. कॅनडातील ह्युरोनियन हिमनद्यांचे अवशेष त्याच काळातले आहेत.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर प्राणवायूपासून ओझोन बनला आणि त्याने अतिनील किरणांपासून जमीन राहण्याजोगी केली. प्राणवायूच्या साह्याने अन्न जाळले की न जाळण्यापेक्षा कितीतरी पट ऊर्जा मिळते, त्यामुळे मोठ्या, धावत्या, शिकारी शरीरांची शक्यता निर्माण झाली. प्राणवायू वापरणारा एक जीवाणू दुसऱ्या पेशीच्या आत राहायला गेला आणि तोच पुढे पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) झाला, ही लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये जोरकसपणे मांडलेली कल्पना आज सर्वमान्य आहे. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीतील ही तंतुकणिका त्या जुन्या विषाशी केलेली तडजोड आहे.

सूर्य पूर्वी आजच्यापेक्षा मंद होता असे म्हणतात. मग पृथ्वी सुरुवातीपासून गोठून का गेली नाही?

सूर्य सुरुवातीला आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी त्या काळच्या खडकांत वाहत्या पाण्याच्या खुणा आहेत. १९७२मध्ये कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलन यांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले. हवेत तेव्हा उष्णता धरणारे वायू, विशेषतः कार्बन डायऑक्साइड, अधिक होते, हे त्याचे मुख्य उत्तर आहे. पण सूर्य हळूहळू तापत गेला तसे हे वायू नेमके कमी कसे होत गेले, हा त्यापुढचा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विदर्भातल्या कोणत्याही शेतात हातात घेऊन पाहता येते.

काळ्या जमिनीत विहीर खणताना वर येणाऱ्या मातीत पांढरट, वेडेवाकडे, बोराएवढे खडे निघतात. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात. असा एक खडा धुऊन घ्यावा, चाकूने जरा खरवडावा आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते आणि खरवडलेल्या जागी मोहरीहून लहान बुडबुडे उठताना दिसतात. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे आहेत. एके काळी हवेत असलेला वायू खड्यात बंद झाला होता, तो आपण सोडवला.

तो बंद झाला तो असा. पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून जास्त मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते. मुळे आणि सूक्ष्मजीव श्वास घेत असल्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू वातावरणाच्या कितीतरी पट असतो. हे आम्ल काळ्या पाषाणातील कॅल्शियम सोडवते. कोरड्या हवामानात त्यातील काही कॅल्शियम जागेवरच कार्बनशी जुळून चुनखडी बनते. बाकीचे नदीबरोबर समुद्रात जाते, तेथे शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव त्याची कवचे बनवतात, आणि कवचांचे चुनखडक होतात. भूपट्टांबरोबर ते खोल गेले की ज्वालामुखींतून कार्बन पुन्हा हवेत येतो. यातली मेख अशी, की हवा तापली तर पाऊस आणि रासायनिक झीज वाढते, त्यामुळे वायू कमी होतो आणि हवा निवते. हवा गार पडली तर झीज मंदावते आणि ज्वालामुखींचा वायू साठून पुन्हा ऊब येते. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१मध्ये हा नियामक नीट मांडला. जीवसृष्टी नसती तरी तो चालला असता, पण मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी त्याची गती वाढवली, आणि म्हणून पृथ्वी जीवांशिवाय जितकी उष्ण असती त्यापेक्षा गार आहे.

हीच चुनखडी संत्रा बागायतदाराला मात्र नकोशी असते, कारण चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे, आणि काळ्या मातीतल्या चुनखडीचा अभ्यास तेथे बारकाईने झालेला आहे.

हा नियामक इतका चांगला असेल तर संपूर्ण पृथ्वी बर्फाने झाकली गेली होती, हे खोटे का?

खोटे नाही. सुमारे ७१.७ कोटी ते ६६ कोटी वर्षांपूर्वी, आणि पुन्हा ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या काळात, विषुववृत्ताजवळही हिमनद्या होत्या. नियामक मंदगती आहे. त्याला लाखो वर्षे लागतात. बर्फाने झाकलेल्या पृथ्वीवर खडकांची झीज थांबली, ज्वालामुखींचा वायू साठत गेला आणि शेवटी बर्फ वितळला. त्यानंतर समुद्रात पोषक द्रव्यांचा मोठा पुरवठा झाला आणि पुढच्या काही कोटी वर्षांत मोठ्या शरीरांचे प्राणी दिसू लागले.

नागपूर-चंद्रपूरचा दगडी कोळसा नेमका कोणत्या झाडांचा आहे?

उमरेड, सावनेर, सिल्लेवाडा आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना आहे. तो प्रामुख्याने ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेसारख्या पानाच्या झाडांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा आहे. पानाच्या मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून निघालेल्या शिरांची जाळी असते. कामठीच्या वालुकाश्मात ही पाने छापल्यासारखी उमटलेली आढळतात. तीच पाने दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडतात. हे सर्व भूभाग तेव्हा गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, आणि त्या नावाचे मूळ आपल्याच गोंडांच्या प्रदेशात आहे.

ज्यांना कोळसा म्हटले की दमट, उष्ण जंगल आठवते, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोप-अमेरिकेतील त्याहून जुना कोळसा उष्णकटिबंधातील दलदलीचा आहे. आपला कोळसा हिमनद्या मागे हटल्यानंतरच्या थंड प्रदेशातल्या दलदलीचा आहे. आपल्या कोळशाच्या थरांखाली तालचिर नावाचा हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांचा थर असतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे हिमनदीने घासून ओरखडलेला चुनखडक एकोणिसाव्या शतकातच नोंदवला गेला आहे. ४७ अंशांच्या उन्हात तेथे उभे राहून पायाखालचे हिमनदीचे ओरखडे पाहणे हा अनुभव मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

आता हिमयुग आले कशाने? त्याआधी जमिनीवर प्रथमच जंगले पसरली होती. मुळांनी खडकांची झीज वाढवली आणि दलदलीत लाकूड न कुजता गाडले गेले. दोन्ही वाटांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड घटला आणि गाडलेल्या कार्बनमुळे प्राणवायूची शिल्लक वाढत जाऊन ती, प्रतिमानांच्या हिशेबाने, ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. पंख पसरून ६५-७० सेंटिमीटर भरणाऱ्या मेगॅन्यूरा या चतुरासारख्या कीटकाचा काळ हाच. लाकूड कुजवणाऱ्या बुरशा तेव्हा नव्हत्या म्हणून कोळसा साठला, असे एक आकर्षक स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते. मला ते पटत नाही. बुरशा आल्यानंतरही कोळसा बनतच राहिला, आपला स्वतःचा कोळसा त्याचा पुरावा आहे. खचत जाणारी खोरी आणि पाण्याने भरलेली दलदल ही कारणे जास्त वजनदार आहेत.

जुन्या काळी प्राणवायू किती होता, हे कोळशावरून सांगता येते का?

बऱ्याच अंशी. उमरेडचा कोळशाचा एक तुकडा उजेडात धरून फिरवला, की काचेसारखे चकाकणारे आणि मळकट मंद असे पातळ पट्टे आळीपाळीने दिसतात. मधूनच एखादा मऊ, तंतुमय थर असतो, जो बोट लावताच काळा माखतो, अगदी चुलीतल्या लाकडी कोळशासारखा. तो खरोखरच लाकडी कोळसा आहे. पर्मियन काळातल्या वणव्यात जळालेले लाकूड आहे. हवेत साधारण १६ टक्क्यांपेक्षा कमी प्राणवायू असेल तर वणवा पेटून पसरत नाही. म्हणून असे जळके लाकूड ज्या काळच्या खडकांत सापडते, त्या काळी प्राणवायू त्याहून अधिक होता असे म्हणता येते, आणि सुमारे ४२ कोटी वर्षांपासून ते सापडते.

झाडांच्या मुळांनी नद्यासुद्धा बदलल्या, हे खरे आहे का?

होय. वनस्पती जमिनीवर येण्याआधीच्या नद्या बहुतांशी रुंद, उथळ आणि अनेक धारांच्या होत्या, कारण काठ धरून ठेवायला काही नव्हते. मुळे आली, जमिनीवर चिखल टिकू लागला आणि संथ वळणे घेणाऱ्या नद्यांचे गाळ खडकांत सर्रास दिसू लागले.

दख्खनच्या ज्वालामुखींनी डायनोसॉर मारले का?

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलुब येथे मोठा लघुग्रह आदळला, त्याचे विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे आहे. दख्खनचा लाव्हाही त्याच सुमारास, बहुतेक सगळा दहा लाख वर्षांच्या आत, वाहिला. मुख्य घाव लघुग्रहाचा होता, असे मी पुराव्यांच्या आधारे मानतो. ज्वालामुखींनी त्याआधी आणि नंतर हवामान किती हलवले, यावर अजून वाद चालू आहे. त्याहून जुन्या, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वांत मोठ्या विनाशात मात्र सायबेरियातील ज्वालामुखींचा दोष बराच स्पष्ट आहे, आणि ग्लॉसोप्टेरिसची जंगले त्याच संकटात संपली.

नागपूरकरांना यात अधिक जवळची गोष्ट सांगण्याजोगी आहे. लाव्ह्याचे थर एकामागून एक सलग आले नाहीत. मधल्या शांत काळात तळी साठली, झाडे उगवली, गोगलगाई आल्या, आणि पुढच्या लाव्ह्याने ते सर्व झाकले. टाकळी येथील असा थर एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी शोधला आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. गोड्या पाण्यातील शंख, बिया, फळे, लाकूड असे सर्व त्यात होते. टाकळी आता शहरात मिसळली आहे. अशा जागांवर निदान एखादा माहितीफलक असावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यातील गवताचे सूक्ष्म सिलिका-कण वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, हा समज त्यामुळे मोडला.

लाव्हा थंड झाल्यावर त्याची दुसरी कामगिरी सुरू झाली. ताजा काळा पाषाण इतर बहुतेक खडकांपेक्षा लवकर झिजतो. भारत विषुववृत्तीय पावसाच्या पट्ट्यातून उत्तरेकडे सरकत असताना दख्खनने हवेतील पुष्कळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आणि पुढच्या थंड काळाची पायाभरणी केली, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

ज्वारी आणि ऊस यांचाही या इतिहासात काही वाटा आहे का?

त्यांच्या घराण्याचा आहे. ज्वारी, मका, ऊस आणि आपली अनेक कुरणी गवते कमी कार्बन डायऑक्साइडच्या उष्ण, कोरड्या हवेत काटकसरीने प्रकाशसंश्लेषण करतात. साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी उपखंडात अशी गवते झपाट्याने पसरली. शिवालिकच्या प्राचीन मातीत ज्या चुनखडीच्या गाठी आहेत, त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून हे उमगले. विहिरीतून निघणाऱ्या चुनखडीची ही जुनी भावंडेच आहेत.

याचा अर्थ पृथ्वी स्वतःच एक सजीव आहे आणि ती आपली काळजी घेते, असा घ्यावा का?

जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या गाया कल्पनेचे मोल मी फार मोठे मानतो, कारण तिने जीवशास्त्रज्ञांना आणि भूवैज्ञानिकांना एकाच टेबलाशी बसवले. काळ्या आणि पांढऱ्या फुलांचा एक काल्पनिक ग्रह घेऊन लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी १९८३मध्ये दाखवले, की कोणी ठरवून न करताही फुलांच्या नुसत्या वाढण्या-मरण्यातून ग्रहाचे तापमान सावरले जाऊ शकते. पण जीवसृष्टी नेहमी सावरतेच, असे इतिहास सांगत नाही. सायनोबॅक्टेरियांनी आपल्या शेजाऱ्यांना विष पाजले. पहिल्या जंगलांनी हिमयुगाला हातभार लावला. धरणीमाता हा आपला शब्द कृतज्ञतेचा आहे आणि तो तसाच राहावा. पृथ्वी आपल्या सोयीसाठी काही जपून ठेवते, असा अर्थ मात्र त्यातून काढू नये.

झाडे लावली तर प्राणवायूचा साठा वाढेल ना?

फारसा नाही. जगातील सर्व वनस्पती जाळल्या तरी हवेतील प्राणवायू एक टक्काही कमी होणार नाही, इतका तो साठा मोठा आहे. झाडे सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी, मातीसाठी आणि कार्बन धरून ठेवण्यासाठी लावावीत. ही कारणे पुरेशी आहेत.

हवामान पूर्वीही बदलत होते. मग आजच्या बदलाची इतकी चिंता कशासाठी?

वेगासाठी. औद्योगिक काळाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता; आज तो ४२० भागांच्या वर आहे. माणूस दरवर्षी जितका हा वायू सोडतो, तो जगातील सर्व ज्वालामुखींच्या वार्षिक उत्सर्जनाच्या साधारण शंभरपट आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत जळणारा कोळसा म्हणजे दलदलींनी लाखो वर्षांत बाजूला काढून ठेवलेला कार्बन आहे. चुनखडीचा आणि नद्यांचा नियामक हा कार्बन परत नक्की ओढून घेईल, परंतु त्याला लागणारा वेळ लाखो वर्षांचा आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बांधकामावर काम करणाऱ्या मजुराचा वेळ एका दुपारचा आहे. दोन्ही वेळा एकाच हिशेबात धरल्या, की जुन्या बदलांचा दाखला देऊन आजचा बदल सौम्य ठरवता येत नाही.

शाळेतील मुलांना हे दाखवायचे असेल तर नागपुरात सुरुवात कुठून करावी?

सेमिनरी हिल्सपासून. काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जाऊन त्याचा मुरूम आणि मुरमाची माती कशी होते, हे तेथे उघड्यावर दिसते. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडीही त्याच पाषाणाची आहे, पण किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. त्यानंतर अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात जावे. तिसऱ्या फेरीत मनसरचा रस्ता धरावा. खाणीच्या आवारात लेखी परवानगीशिवाय जाऊ नये आणि मुलांना उघड्या खाणीच्या काठापासून दूर ठेवावे. पिसदुरा किंवा इरईला गेल्यास जीवाश्म उचलून आणू नयेत; जागेवरून हलवलेला जीवाश्म कोणत्या थरातला होता हे पुन्हा सांगता येत नाही आणि त्याचा निम्मा अर्थ तेथेच संपतो. छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी किंवा एखादे नाणे ठेवावे, वहीत जागा आणि थर लिहून घ्यावा, आणि खिशात एक लिंबू न्यावे.